सत्तावीस पाउंड

रुवी, मस्कत
शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

ताई,

आधी ‘प्रिय ताई’ लिहिलं होतं. मग वाटलं, तुला ते आवडेल की नाही. खोडलं तर कागद घाण दिसतो, म्हणून हा दुसरा घेतला.

खालच्या वाडीतला साई उद्या सुट्टीवर निघतोय. तो हे तुझ्या शाळेत आणून देईल. घरी नको, शाळेतच दे, असं त्याला दोनदा सांगितलंय. चिन्मय भावोजींसमोर माझं नाव काढायचं की नाही ते तू ठरव. माझा नंबर तू बंद केलास ते बरोबरच केलंस. ओरोसच्या कचेरीत तुमच्या लग्नाला तिसऱ्या साक्षीदाराची सही माझी व्हायची होती आणि मी आलो नाही. चार वर्षं झाली. त्याबद्दल मला लिहायचं आहे, पण आज नाही. आज ते लिहायला बसलो तर हे पत्र पुरं होणार नाही.

आज कामाचं लिहितो. इथे रुवीमध्ये खेळाच्या सामानाचं दुकान आहे, तिथे मी बॅडमिंटनच्या रॅकेटींचं गटिंग करतो. ‘निदान आयटीआय तरी कर’ म्हणून तू ओरडायचीस. ते काही झालं नाही, पण हे काम हाताला बसलं. मशीनवर रॅकेट आवळायची, बावीस तारा उभ्या, एकवीस आडव्या, गिऱ्हाईक सांगेल तेवढ्या पाउंडाला एकेक ओढायची. चोवीस म्हणजे चोवीस. मग दांड्याला एक लहान पट्टी चिकटवायची, त्यावर नाव, तारीख आणि पाउंड. पट्टीवरचं अक्षर तू घोटून घेतलेलंच आहे. आमचे अर्बाब कासमभाई, म्हणजे दुकानाचे मालक, त्यांचे पणजोबा कच्छहून आले आणि इथलेच झाले, ते गिऱ्हाइकांना सांगतात, “कौशिक का हाथ काँटा है. सोना तौल लो.”

महिन्यापूर्वी एक बाई आली. थायलंडची, बत्तीस वर्षांची, ओरावान नाव. दुहेरी खेळते. टीव्हीवर दाखवतात त्यातली. इथल्या एका क्लबने मुलांना शिकवायला तिला सहा महिने आणलंय, पण ती स्वतःही अजून खेळते. तिने दोन रॅकेटी दिल्या, सत्तावीस पाउंड म्हणाली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा पट्टी वाचलीच नाही. जाळी कानाशी धरून तळव्याने दोनदा थापटली.

“सत्तावीस?”

“सत्तावीस.”

“बँकॉकमध्ये असं काम करणारा एकच माणूस होता. तो वारला. तुझं वय काय?”

“चोवीस.”

“मग चालेल,” म्हणाली आणि गेली. कासमभाई दिवसभर हसत होते.

एवढंच. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पत्र हातात घेतलंस की नाही ते साई सांगेल.

तुझा
कौशिक


रुवी
शुक्रवार, १९ सप्टेंबर

ताई,

साईने कळवलं. पत्र घेतलंस, न उघडता पर्समध्ये ठेवलंस आणि त्याला विचारलंस, “बारीक झालाय का?” मी ते तीन वेळा त्याच्याकडून ऐकलं. बारीक नाही झालो. भात जास्त होतो उलट.

तू वाचतेस असं धरून लिहितो. ओरावानबद्दल लिहितो, कारण सध्या माझ्या डोक्यात तीच आहे. चुकीचं समजू नको. तिच्या चार रॅकेटी दर आठवड्याला माझ्याकडे येतात आणि काम चालू असताना ती समोरच्या स्टुलावर बसून बोलते. तिचं इंग्रजी माझ्याएवढंच आहे, त्यामुळे आमचं जमतं.

तिचे वडील गावाकडे अग्निशमन दलात होते. बंब उभा करायची शेड होती, तिथेच दोन खांबांना जाळं बांधून ती खेळायला शिकली. बंब आत असेल तेव्हा जागा नसायची. “म्हणून मला लहानपणी वाटायचं, कुठेतरी आग लागावी,” म्हणाली. “रोज. मोठी नको. एखादं गवत पेटलं तरी पुरे.” मग हात जोडून कपाळाला लावले, पापाची माफी मागतात तसे.

बाराव्या वर्षी बँकॉकच्या क्लबात राहायला गेली. चौदाव्या वर्षी मालिवान नावाच्या मुलीबरोबर तिची जोडी लावली. ती जोडी तेरा वर्षं टिकली. एकाच खोलीत राहायच्या. त्यातली दोन वर्षं एकमेकींशी बोलतच नव्हत्या. मी विचारलं, का? तर पंख्यावरून. एकीला लावायचा असायचा, एकीला बंद हवा असायचा. कोर्टावर मात्र तीन शब्द चालू होते, ‘माझं’, ‘तुझं’ आणि ‘सोड’. सोड म्हणजे शटल बाहेर जातंय, मारू नको. “त्या दोन वर्षांत आम्ही जगात अकराव्या होतो,” म्हणाली. “बोलायला लागलो आणि सतराव्यावर आलो.” खरं की गंमत, तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

मग मालिवानचा गुडघा गेला. ती आता डोंगरातल्या एका गावात कॉफीचं दुकान चालवते. ओरावानने चार वर्षांत पाच जोडीदार बदलल्या. कुणी लग्न केलं, कुणी मिश्र दुहेरीकडे गेली, एकीला तिच्यापेक्षा बरी जोडीदार मिळाली. आता चोम आहे, एकोणीस वर्षांची, तीही इथेच आली आहे. चोम तिला ‘पी ओरा’ म्हणते. पी म्हणजे ताई. दादालाही पीच म्हणतात, एकच शब्द आहे.

आता जे लिहितो ते तिने सहज सांगितलं, पण मला ते सहज वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने तिच्या मानेतली शीर दाबली गेल्याचं सांगितलं. म्हणाला, दुखणार नाही तुला. एक दिवस बोटांना अंतर कळेनासं होईल. शटल रेषेच्या आत पडायचं ते वीतभर बाहेर पडेल आणि का ते तुलाही कळणार नाही. त्या दिवशी थांब. तेव्हापासून ती रोज सरावाआधी मागच्या रेषेवर दहा शटल मारते. नऊ आत पडली की दिवस सुरू. मी दोनदा पाहिलं. एकदा नऊ, एकदा दहा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. लहान आहे, पण गुण मिळतात. पुढच्या वर्षी खेळणार की नाही हे तिच्या संघटनेला ऑक्टोबरअखेर कळवायचं असतं. तिला अजून एक वर्ष हवंय, चोमला मोठ्या स्पर्धांत नेऊन सोडायला. एक वर्ष, असं बोट वर करून म्हणते.

माझं काम वाढलंय. इथल्या हॉलच्या एसीने हवा इतकी कोरडी होते की शटलची पिसं मोडतात. म्हणून आदल्या संध्याकाळी मी डबे उघडून किटलीच्या वाफेवर धरतो. चार सेकंद, जास्त नाही. गटिंग केलेली रॅकेट उन्हात ठेवायची नसते, तार सैल पडते. तशी सूचना मीच इंग्रजी आणि हिंदीत लिहून दुकानात लावली आहे. सामान पोचवायला व्हॅनमधून जातो तेव्हा जेवायला उतरताना रॅकेटींची पिशवी मी बरोबर हॉटेलात नेतो. आमचा ड्रायव्हर मुनीर त्यावरून फार चिडवतो. पिशवी खुर्चीवर ठेवली की वेटरला ओरडून सांगतो, “अरे, भाभी के लिए भी प्लेट लगा!” सगळं हॉटेल बघतं. मला ते आवडत नाही.

तू कशी आहेस?

कौशिक


रुवी
शनिवार, ४ ऑक्टोबर

ताई,

ओरावान हरली. परवा, गुरुवारी, उपांत्य सामन्यात. २१–१८, १९–२१, १९–२१.

मी सकाळी तिच्या चार रॅकेटी केल्या, दुपारी मुनीरबरोबर खाबुऱ्याला एका क्लबचं सामान पोचवायला गेलो, वेळेत परत आलो आणि पाच वीसला हॉलवर रॅकेटी तिच्या हातात दिल्या. सामना सहाला होता. सगळं वेळेत झालं.

पहिला गेम चोमने जिंकून दिला. दुसऱ्यापासून ओरावानची शटल बाहेर जायला लागली. मागच्या रेषेबाहेर, वीतभर, कधी चार बोटं. मी मोजली. अकरा. दहाव्यानंतर तिने रॅकेट बदलली नाही, उजव्या हाताची बोटं उघडून बघितली. चोम तिच्याकडे बघत होती. अकरावं शेवटचं होतं.

नंतर ती बाकावर टॉवेल घेऊन बसली होती. मी बाटली द्यायला गेलो. म्हणाली, “तो दिवस आला, कौशिक. डॉक्टर खोटं बोलला नाही.” अगदी साधं बोलली. कालच क्लबला कळवलं तिने, खेळणं बंद करते, शिकवायला राहते. क्लब खूश आहे, कायमची शिक्षिका मिळाली. ३० तारखेला तिचा निरोपाचा चहा आहे. संघटनेला ती ३१ला लिहिणार आहे.

मला दोन दिवस जेवण जात नाही. ताप नाही. काळजी करू नको.

कौशिक


रुवी
सोमवार, १३ ऑक्टोबर

ताई,

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं. पण खरं लिहिलं नव्हतं. पोस्टाने हे पत्र पोचायला पंधरा दिवस लागतील आणि तेवढे दिवस नाहीत, म्हणून पानांचे फोटो साईला पाठवतोय. तो कुडाळला छापून तुला देईल. वाचू नको म्हटलंय. वाचणारच तो. वाचू दे.

गुरुवारी खाबुऱ्याला दीड वाजता पोचलो. परतताना थेट हॉलवर जायचं म्हणून ओरावानच्या रॅकेटी व्हॅनमध्येच होत्या. सामान उतरवलं आणि जेवायला गेलो. व्हॅन उन्हात. मी पिशवी उचलायला मागे हात घातला, तर मुनीर म्हणाला, “आज भाभी का व्रत है क्या, या खाएगी?” हॉटेलाच्या दारात त्याच्या ओळखीचे चौघे बसले होते, ते हसले. एक म्हणाला, “पर्दा करवा दे यार, सब देख रहे हैं.” मी हात मागे घेतला. पिशवी सीटमागे राहिली, काचा बंद. जेवण झालं, मग मुनीर नमाजाला गेला, मग कुणाशी तरी बोलत बसला. मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. एक तास पन्नास मिनिटं. बाहेर अडतीस डिग्री होतं. बंद गाडीत किती होतं ते मला माहीत आहे, मी ते त्या सूचनेत लिहिलेलं आहे.

हॉलवर पोचल्यावर मी आधी बाथरूममध्ये गेलो. तारेवर टिचकी मारली की आवाजावरून पाउंड सांगणारं ॲप माझ्या फोनवर आहे. चारही रॅकेटी तपासल्या. सगळ्यात बरी २४.२ होती. पट्ट्यांवर माझ्या अक्षरात २७.

तेव्हा पाच पंधरा झाले होते. तिच्या दोन जुन्या रॅकेटी क्लबच्या कपाटात होत्या, दहा मिनिटांवर. स्पर्धेचा गटिंगवाला तिथेच बसला होता, एक तरी करून दिली असती. पंचेचाळीस मिनिटं होती, ताई. माझ्या हातात पंचेचाळीस मिनिटं होती.

मी रॅकेटी दिल्या. तिने जाळी कानाशी धरून थापटली. पुन्हा थापटली.

“कमी वाटतंय.”

मी म्हणालो, “नवीन रीळ आहे. आवाज वेगळा येतो.”

ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “माझे कानही म्हातारे झाले.” आणि गेली.

तार सैल असली की शटल जास्त लांब जातं. उलट वाटतं, पण तसंच आहे. तिचा हात रोज मारतो तेवढंच मारत होता. बाहेर तार ढकलत होती. आणि तिला माझ्यावर शंका घ्यायची नव्हती, म्हणून तिने स्वतःच्या बोटांवर घेतली. आता ती दहा शटलही मारत नाही. मुलांना शिकवताना नुसती उभी राहून सांगते.

सांगितलं तर कासमभाई मला ठेवणार नाहीत. व्हिसा दुकानाचा आहे. नाही सांगितलं तर ती ३१ला लिहून मोकळी होईल आणि कुणाला काही कळणार नाही. मला रोज सकाळी वाटतं आज सांगू, आणि रोज वाटतं अजून ३१ लांब आहे.

तुला हे का लिहितोय ते तुला कळलं असेल. त्या दिवशी मी बाबांच्या धाकाने घरी थांबलो नव्हतो. आईने तुला तसं सांगितलं असेल, पण ते खोटं आहे. मी सकाळच्या गाडीने कुडाळला आलो होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशात आधार कार्ड. स्टँडवरून ओरोसला पंधरा मिनिटं. पाच गाड्या सोडल्या. सही केल्यावर बाबा काय म्हणतील त्याची वाक्यं मनात येत राहिली आणि प्रत्येक गाडीला वाटलं, पुढच्या गाडीने जाऊ. कचेरी बंद व्हायच्या वेळेपर्यंत मी बाकावर बसलो होतो. नंतर कळलं की तुम्ही कचेरीबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला साक्षीदार केलंत. नाव माहीत नसलेल्या माणसाला.

मी भित्रा आहे हे तुला माहीत होतं. मी इतक्या जवळ होतो हे माहीत नव्हतं.

कौशिक


रुवी
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

ताई,

तुझी चिठ्ठी साईने फोटो काढून पाठवली. वहीच्या पानावर एकच ओळ. “तिला सांगितलंस का? बाकीचं नंतर.”

चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं.

ती ओळ सोमवारी मिळाली. मंगळवारी दुपारी तीनला हॉलवर गेलो. मुलं साडेचारला येतात. क्लबला रॅकेटी द्यायच्यात असं कासमभाईंना सांगून निघालो होतो. हे अर्धं खरं होतं. तिच्याच बनावटीच्या दोन रॅकेटी घेतल्या होत्या. एक सत्तावीसला केली, एक मुद्दाम चोवीसला. इंग्रजीतली सहा वाक्यं लिहून पाठ केली होती. पहिलं बोललो आणि पुढची सगळी विसरलो. मग जसं येईल तसं सांगितलं. व्हॅन, ऊन, हॉटेल, बाथरूम, २४.२.

ती शटलचे डबे कपाटात लावत होती. हातातला डबा तिने खाली ठेवला.

“मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“कमी वाटतंय, म्हणाले होते.”

“हो.”

“तू नवीन रीळ म्हणालास.”

“हो.”

ती जमिनीवरच बसली. मग म्हणाली, “चार आठवडे मी चमचा उचलताना बोटांकडे बघते. दात घासताना बघते. शर्टाचं बटण लावते आणि म्हणते, हे तरी येतंय अजून. मालिवानला फोन केला. ती रडली, मी रडले. तिने दुकान बंद ठेवलं त्या दिवशी.” मग थांबून, “सामन्यानंतर तू बाटली घेऊन आलास. मी तुला म्हटलं, तो दिवस आला. तू माझ्यासमोर उभा होतास.”

मी आणलेल्या दोन्ही रॅकेटी तिच्यासमोर ठेवल्या.

चोम तिथेच होती, तिला काही कळत नव्हतं. ओरावानने तिला थाई भाषेत सांगितलं. चोमने माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीकडे सरकलो. मग चोम जाळ्यापलीकडे जाऊन उभी राहिली आणि शटल द्यायला लागली.

सत्तावीसने दहा मारली. नऊ आत.

चोवीसने दहा. चार आत.

पुन्हा सत्तावीस. दहा आत. शेवटचं रेषेवर पडलं, तिथे चोमने बोट ठेवून बघितलं आणि ओरडली. थाईत काय ओरडली माहीत नाही. ओरावान हसली नाही. रॅकेट वळवून तिने नखाने माझी पट्टी खरवडायला सुरुवात केली. चिकट राहिलं तेही खरवडलं. गोळी करून माझ्या हातात दिली.

“कासमला कोण सांगणार, तू की मी?”

“मी.”

“आज.”

“आज.”

“माझ्या रॅकेटींना आता हात लावायचा नाही.” मी जायला लागलो तेव्हा मागून म्हणाली, “सांगितलंस ते बरं केलंस. पण मी तुला धन्यवाद म्हणणार नाही.”

कासमभाईंनी ऐकून घेतलं. चहा पीत होते, तो संपवला. म्हणाले, “देख बेटा, गाड़ी मेरी, खाबुरा भेजा मैंने, धूप अल्लाह की. वो सब माफ. लेकिन चौबीस पे सत्ताईस की पट्टी लगी रही और तू चुप रहा. वो पट्टी मेरी दुकान की है.” मी म्हणालो, मी जातो. म्हणाले, “कहाँ जाएगा? बैठ.” रुस्ताकला त्यांचं दुसरं दुकान आहे, फुटबॉल आणि शाळेच्या वह्या. तिथे माणूस हवाय. गटिंगचं मशीन मात्र इथेच राहणार, त्यावर केरळचा नवीन मुलगा बसणार. काल त्याला मशीन समजावून सांगितलं. हातात रीळ होतं, खाली ठेववेना.

मुनीर जिन्यात भेटला. “मैंने तो मज़ाक किया था यार. तू भी न!” मी म्हटलं, मजाकच होता. पिशवी माझी होती. तो दोन पायऱ्या खाली गेला, परत वर आला आणि पुन्हा खाली उतरला.

काल निरोपाचा चहा होणार होता. केक आला होता, त्यावर तिचं नाव होतं. तिने मुलांना केक कापून वाटला आणि सांगितलं, निरोप नाही, नुसता केक आहे. हे मला क्लबमधल्या अस्मिताने सांगितलं. पुण्याचं कुटुंब आहे, ती नववीत आहे, मराठी अडखळत बोलते. “कौशिकदादा, ओरा मॅम तर… तर थांबणार नाही. म्हणजे खेळणार. तुम्ही का नाही आलात?”

आज ३१. तिने पुढच्या वर्षासाठी नाव पाठवलं.

सांगितलं, ताई.

कौशिक


रुस्ताक
शनिवार, ६ डिसेंबर

ताई,

साईबरोबर पाठवलेले लाडू मिळाले. तीन फुटले होते, तेच आधी खाल्ले. तू नंबर उघडलास असंही त्याने सांगितलं. तरी मी पत्रच लिहितो. फोनवर माझ्या तोंडून खोटं पटकन जातं, कागदावर लिहिताना निदान दिसतं. ‘बाकीचं’ तू अजून लिहिलं नाहीस. सवडीने लिही. काय लिहायचं ते लिही, मी वाचीन.

इथलं दुकान सूकला, म्हणजे बाजाराला, लागून आहे. संध्याकाळी मुलं फुटबॉलमध्ये हवा भरून घ्यायला येतात. मागे किल्ला, त्यामागे उघडे डोंगर. गिऱ्हाईक हिशेबाने बोलतं, मलाही तेच बरं पडतं. हाताला मात्र काम नाही. परवा एका मुलाने टेनिसची तुटकी रॅकेट आणली, मी ती नुसती धरून बघितली आणि परत दिली. रुवीला पाठव म्हटलं.

काल ओरावानचा सामना होता, बहरैनमध्ये, दुसरी फेरी. मोबाइलवर दाखवत होते. काउंटरवर वह्यांच्या गठ्ठ्याला फोन टेकवून ठेवला. तिच्या रॅकेटी कोणी केल्या ते मला माहीत नाही. पट्टीचा रंग वेगळा होता, निळा.

पहिला गेम गेला, दुसरा घेतला. तिसऱ्यात वीस–एकोणीस, समोरच्यांचा सामना जिंकायचा गुण. एक म्हातारे ओमानी गृहस्थ नातवासाठी पंप घ्यायला आले होते, तेही थांबून बघायला लागले. “कोण तुझी?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गिऱ्हाईक होती.

शटल खूप वेळ चाललं. मी मोजत होतो, त्रेचाळीस फटके. चव्वेचाळिसावा ओरावानने मागे मारला, अंगातलं सगळं लावून. बाहेर. वीतभर.

वाटलं, आता ती बोटं उघडून बघणार.

तिने शटल पडलं तिथे बघितलं. मग स्वतःच्या कपाळावर तळहात मारून घेतला, जोरात, आणि हसली. चोमकडे वळून काहीतरी बोलली, चोमही हसली. दोघी जाळ्याशी गेल्या, हात मिळवले, बॅगा उचलल्या. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशात खेळायचं आहे त्यांना.

म्हातारे म्हणाले, “खलास. हरली बिचारी.”

मी म्हणालो, “हो. तिनेच बाहेर मारलं.”

तुझा
कौशिक